रश्शाचे सर

मी आयुष्यात रशियन भाषेतले पाच-पन्नास शब्द शिकले असेन. त्यातला एकच अजून वापरते, आणि तोही चुकीचा वापरते असं कुठलाही रशियन माणूस सांगेल. ज्यांनी तो मला शिकवला त्यांचं मत मात्र वेगळं होतं. त्या मतापायी त्यांची नोकरी गेली.

त्यांना आम्ही ‘रश्शाचे सर’ म्हणत असू. हे बारसं आमच्या कॉलेजच्या शिपायानं केलं. त्याला ‘रशियन’ म्हणता येत नव्हतं की म्हणायचं नव्हतं, देव जाणे. पण घंटा दिली की तो व्हरांड्यातून ओरडायचा, ‘चला, रश्शाचा तास!’ नगरमध्ये रस्सा म्हटलं की कुणाच्याही डोळ्यांपुढे लाल तर्री उभी राहते. सर मात्र मीठ घालायला विसरलेल्या वरणासारखे होते. उंच, जरा वाकलेले, फिके. सहा-सात वर्षं लेनिनग्राडला काढून परत येताना अंगाचा रंग तिथंच कुणाकडे तरी ठेवायला देऊन आल्यासारखे.

वर्ग भरायचा सायकल स्टँडच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत. सर आत आले की आधी खांद्यावरचा ओव्हरकोट भिंतीतल्या खिळ्याला अडकवत. हो, ओव्हरकोट. नगरच्या एप्रिलमध्ये, पत्र्याखाली. जाड, काळा, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारा. अंगात कधी घालत नसत, पण रोज आणत. मी एकदा विचारलं, ‘सर, हा कशाला आणता?’

‘तिकडून बोलावणं आलं तर शोधाशोध नको,’ ते म्हणाले.

मी हसले. ते हसले नाहीत. मग मीही तोंड मिटलं.

मी रशियन का घेतलं ते सांगते, आणि तुम्ही खुशाल हसा. मला अंतराळात जायचं होतं. रशियानं एक बाई वर पाठवली होती, हे मी एका रशियन मासिकात वाचलं होतं. ते मासिक आमच्या घरी पुस्तकांना कव्हरं घालायला यायचं, कारण त्याचा कागद गुळगुळीत असे. पुन्हा बाई पाठवायची वेळ आली तर तिला रशियन यायला हवं, आणि अख्ख्या नगर जिल्ह्यात तशी मी एकटीच निघणार, अशी माझी खात्री होती. शेवगावच्या एस.टी.त बसलं की वाटेवरचं मिरी गाव यायच्या आत मला उलटी होत असे, ही गोष्ट मी विचारात घेतली नव्हती. दोन वेण्या, नाकावर घसरणारा चष्मा आणि डोक्यात रॉकेट, अशी मी पहिल्या तासाला पहिल्या बाकावर बसले आणि हात वर केला.

‘सर, रॉकेटला रशियनमध्ये काय म्हणतात?’

‘रक्येता,’ ते म्हणाले. ‘पण तो शब्द फार नवा आहे. त्याच्यावर एकदम विश्वास टाकू नका.’

मग वळून त्यांनी फळ्यावर एक झाड काढलं. उंच, सडपातळ, खोडावर आडव्या रेघा. ‘ही बिर्योझा. हिची साल पांढरी असते, पापुद्र्यानं निघते. हिची बहीण तुमच्या पोथ्यांत आहे. भूर्ज. भूर्जपत्रातला भूर्ज. बिर्योझा, भूर्ज. म्हणून बघा. एकाच घरच्या दोघी. एक बर्फात दिली, एक उन्हात दिली.’

पोरी सासरी द्याव्यात तसं ‘दिली’ म्हणाले. त्यांचं शब्दांशी असंच होतं. शब्द त्यांना नात्यातले वाटत. कोण कुणाच्या घरी पडली, कुणाचं माहेर तुटलं, कोण कुठल्या गावी जाऊन पार बदलून गेली, ह्याची ते चौकशी करत, आणि एखादीचा पत्ता लागला नाही की दिवसभर खिन्न असत.

त्यांचा खरा विषय होता जुनं रशियन साहित्य. जुनं म्हणजे सहा-सातशे वर्षांपूर्वीचं. त्यातही राजेरजवाड्यांच्या बखरी नव्हेत, तर साध्या माणसांनी बिर्योझाच्या सालीवर अणकुचीदार हाडानं कोरून लिहिलेल्या चिठ्ठ्या. उत्तरेकडच्या एका जुन्या शहरात जमीन खणली तेव्हा त्या चिखलात निघाल्या. कुणी नवा सदरा मागवला आहे, कुणी मासे पाठव म्हटलं आहे, कुणी विचारलं आहे की निरोप धाडला तरी आला का नाहीस. सर ते सांगायला लागले की त्यांच्या फिक्या तोंडावर थोडं रक्त चढे.

‘त्या टिकल्या कशा, सर?’

‘ओलीनं,’ ते म्हणत. ‘तिथली माती कायम ओली असते. वारा लागत नाही. आपल्याकडे सगळं वाळतं, आणि वाळलेलं वाळवी खाते.’

त्यांनी आम्हाला प्रयोगच करायला लावला. बिर्योझा नगरला कुठून येणार? पण कॅम्पाच्या रस्त्याला निलगिरी होत्या. त्यांची साल सोलून आणली. दाभणानं तिच्यावर प्रत्येकानं एकेक चिठ्ठी कोरायची, आणि ती सरांच्या खोलीमागं, मोरीचं पाणी मुरायचं तिथं, पुरायची. चिठ्ठीत काय लिहायचं ह्यावर त्यांची एकच अट होती. थोर विचार नकोत. ‘थोर विचार पुष्कळ टिकले आहेत. कांदे आण, उशीर करू नकोस, असं काही लिहा.’

मी अर्थातच अट मोडली. ‘हे भविष्यातील मानवा!’ अशी सुरुवात करून चंद्र-ताऱ्यांबद्दल इतकं कोरलं की साल फाटली. बाकीच्या दोघांनी मुकाट्यानं कांदे मागवले.

बाकीचे दोघं म्हणजे, वर्गात आम्ही तीनच उरलो होतो. पहिल्या वर्षी खोली भरलेली होती. रशियन आलं की भिलईला, रशियाच्या मदतीनं उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्यात, नोकरी लागते अशी कुणीतरी बातमी उठवली होती. सरांनी वर्षभर झाडं, चिखल आणि मेलेल्या माणसांचे सदरे शिकवल्यावर भिलईवाले पांगले.

त्यांच्या प्रबंधाची गोष्ट मी सांगते तेव्हा लोक पोट धरून हसतात. मीही हसवायलाच सांगते. शेवट तेवढा सांगत नाही.

परत आल्यावर सरांनी ह्या चिठ्ठ्यांवर प्रबंध लिहून विद्यापीठात दिला. शीर्षकात ‘भूर्ज’ आणि ‘साल’ हे शब्द होते. विद्यापीठानं तो तपासायला वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे धाडला. त्या भल्या गृहस्थानं तो इमानदारीनं वाचला आणि शेरा दिला की उमेदवारानं झाडाच्या पानांविषयी काहीच माहिती दिलेली नाही. सरांनी शीर्षक बदललं. मग प्रबंध दिल्लीला रशियन भाषेच्या एका तज्ज्ञाकडे गेला. तिथून शेरा आला: उमेदवारानं जी उदाहरणं दिली आहेत त्यांची भाषा रशियन नाही.

‘मग, सर?’

‘मग काय. आता परत द्यायचा तर मान्यता असलेल्या विषयाचा कायम अध्यापक असावं लागतं, म्हणाले. कायम झालो की देऊ.’

सर तात्पुरते होते. दर जूनला त्यांना नव्यानं नेमत. कायम व्हायचं तर रशियन हा विषय कॉलेजात कायम व्हायला हवा होता, आणि तो करायचा की नाही हे ठरवणार होते आमच्या संस्थेचे अध्यक्ष. तेच तिकडच्या साखर कारखान्याचे चेअरमन. कारखाना त्यांचा, कॉलेज त्यांचं, एवढंच काय, कॉलेजातली घंटासुद्धा कारखान्याच्या भंगारातली होती. सरांची सगळी पुढची जिंदगी त्या एका माणसाच्या सहीवर येऊन थांबली होती, आणि हे सरांसकट आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

सर मूळचे नेवाशाकडचे, प्रवरेकाठच्या एका खेड्यातले. घरची शेती. एकदा आम्हा तिघांना ते नेवाशाला घेऊन गेले, तिथला जुना खांब दाखवला. हात लावू दिला नाही. ‘मराठी इथं टेकून बसली होती,’ एवढंच म्हणाले, आणि स्वतःच एक पाऊल मागं सरले. दुपारी त्यांच्या घरी जेवायला गेलो. आई चुलीपुढं बसलेली. तिनं माझ्या ताटात भाकरी टाकली आणि थेट मुद्द्याला हात घातला.

‘काय शिकिवतो गं ह्यो तुमाला?’

‘रशियन, आजी.’

‘त्ये ठाव हाय. पर ह्यो म्हनतो, म्या जुनं रशियन शिकलो. म्या म्हनलं, येवढा लांब गेल्ता, नवं संपलं हुतं का?’

आम्ही तिघं ताटात तोंड घालून हसलो.

‘आये, नवं समद्यान्ला मिळतं,’ सर म्हणाले. घरी ते असे बोलत.

‘मंग समद्यान्ला मिळतं त्येच घ्यावं की! म्होरल्या आळीचा भाऊसाहेब गेल्ता मुंबईला, त्यो काय जुनी मुंबई शिकून आला का?’ मग माझ्याकडे वळून, ‘पोरगी सांगून आली हुती, राहुरीकडची. बाप इचारतो, पावनं काय करत्यात? ह्यो आपल्या तोंडानं सांगतो, म्या मेलेल्या मान्सांची पत्रं वाचतो. बाप च्या न पिता उठला.’

‘साखर कमी हुती च्यात,’ सर म्हणाले.

‘तुज्या डोक्यात कमी हुती,’ आई म्हणाली, आणि त्यांच्या ताटात न मागता आणखी एक भाकरी टाकली.

निघताना ती मला अंगणात बाजूला घेऊन म्हणाली, ‘ह्याला तिथं कायम करत्यात का गं? करत असतील तर म्या गप बसते. न्हाईतर वावर पडून हाय.’ मी मोठ्या ऐटीत सांगितलं, ‘आजी, सरांसारखा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात नाही.’ ती म्हणाली, ‘त्येच भ्याव हाय.’

बहात्तर साली पाऊस आला नाही. त्या सालाबद्दल इतकं लिहून झालं आहे की मी नव्यानं सांगत नाही. आमच्या वर्गापुरतं सांगायचं तर मोरीमागचा चिखल वाळला. सर तोंड धुतलेलं पाणी तांब्यात धरून ठेवत आणि चिठ्ठ्या पुरल्या होत्या तिथं ओतत. घरमालकीण भांडायला आली. ‘अहो मास्तर, लोकांना प्यायला नाही आणि तुम्ही पालापाचोळ्याला पाणी पाजता?’ सर म्हणाले, ‘तोंड धुतलेलं आहे, बाई.’ दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तोंड धुणंच कमी केलं. आणि तांब्या थांबला तो थांबलाच.

त्याच हिवाळ्यात रशियन पाहुणे आले. पाणी, माती, धरणं ह्यांतले जाणकार होते. मुळा धरण बघून ते कारखान्यावर येणार, तिथं मंडप, सत्कार, चेअरमनसाहेबांचं भाषण. पाहुण्यांबरोबर हिंदी येणारा त्यांचाच एक तरुण दुभाष्या होता. पण आमच्या प्राचार्यांनी चेअरमनना छातीठोक सांगितलं, ‘साहेब, हिंदी कशाला? आपल्याकडे मराठीतून थेट रशियनमध्ये करणारा माणूस आहे. आपल्या कॉलेजचा.’ चेअरमन खूश झाले. म्हणाले, ‘बेस झालं. कार्यक्रम झाला की त्या मास्तरचा कागद आना माज्याम्होरं. सही करून टाकू.’

प्राचार्यांनी हे सरांना सांगितलं तेव्हा मी तिथं होते. खिशातून रुमाल काढून सरांनी ओव्हरकोटाच्या खांद्यावरची धूळ पुसली.

पाहुण्यांना ओवाळायला म्हणून मला आईची पैठणी नेसवून मंचावर उभं केलं होतं. मला वाटत होतं, ही मंडळी मला बघताच म्हणतील, चला, रॉकेट तयार आहे. ताम्हणातलं निरांजन दोनदा विझलं. मंचावरच असल्यामुळे पुढचं सगळं मी अगदी जवळून पाहिलं.

चेअरमन बोलायला उभे राहिले. माणूस मनानं वाईट नव्हता. पण अंगानं भरभक्कम, आणि दुष्काळात ते जरा जास्तच दिसे. लोक दुष्काळी कामावर वाटलेल्या सुकडीवर दिवस काढत होते. विरोधकांनी त्या वर्षी त्यांच्या पोटावर गाणी रचली होती, आणि चेअरमनना ती पाठ होती.

सुरुवातीला सर सुरेख चालले होते. चेअरमन एक वाक्य बोलत, सर ते उचलून पलीकडे ठेवत. पाहुणे मान डोलावत. मग चेअरमनचा आवाज जड झाला.

‘पावनं,’ ते म्हणाले, ‘पानी म्हंजे आमचा जीव हाय. औंदा जीव आटला. तुमी येवढ्या लांबून आला, आमच्या जीवात जीव आला.’

मंडप शांत झाला. खरंच चांगलं बोलले होते.

सर थांबले. त्यांच्या तोंडावर ते रक्त चढलेलं मला दिसलं, चिठ्ठ्यांबद्दल सांगताना चढे तसं. मग ते बोलले, आणि त्या बोलण्यात एक शब्द पुन्हा पुन्हा आला. झिवोत. झिवोत. झिवोत.

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्यातल्या सगळ्यात जाड गृहस्थानं खाली मान घालून स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, त्यावर दोन थापा मारल्या आणि तो खदखदून हसला. बाकीचे हसले. ते हसले म्हणून मंडप हसला. मंडप हसला म्हणून चेअरमनही हसले, आणि हसता हसता त्या तरुण दुभाष्याकडे वळले. ‘काय म्हनले वो आमचं मास्तर?’

तो पोरगा सरळ होता. त्यानं सरळ सांगितलं. ‘आपने कहा, पानी हमारा पेट है. पेट सूख गया. आप लोग आए, तो पेट में पेट आ गया.’

माईक चालू होता.

त्यानंतर मंडप जो हसला तो मी जन्मात विसरणार नाही. मागून कुणीतरी ओरडलं, ‘खरं बोल्लं मास्तर!’ चेअरमनचा हात आपसूक पोटावर गेला आणि ते आणखीच वाईट दिसलं. त्यांनी हार उरकले आणि खाली उतरले. सरांच्या कागदाचं नाव कुणी काढलं नाही.

पाहुण्यांत एक म्हाताऱ्या बाई होत्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या. त्या हसल्या नव्हत्या. चहाच्या वेळी त्या सरांपाशी आल्या, त्यांची बाही धरली आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या. मला त्यातला ‘बाबुश्का’ तेवढा कळला. बाबुश्का म्हणजे आजी. मी दुसऱ्या दिवशी सगळ्या कॉलेजभर सांगत सुटले की रशियन बाईंनी सरांना आजीबाई म्हटलं.

प्राचार्य सरांच्या बाजूचे होते. त्यांनी वाट काढली. मला हजेरीची वही घेऊन त्यांच्या खोलीत बोलावलं होतं, म्हणून मी दारात उभी होते.

‘दोन ओळी लिहून द्या,’ प्राचार्य म्हणाले. ‘अनवधानानं चुकीचा शब्द गेला, दिलगीर आहे. मी साहेबांना समजावतो. राग आठ दिवसांचा असतो त्यांचा.’

‘शब्द चुकीचा नव्हता,’ सर म्हणाले.

‘अहो, सगळे हसले!’

‘झिवोत म्हणजे जीव. तोच शब्द आहे, सर. आपला जीव आणि त्यांचा झिवोत, एकाच घरचे. जुन्या सगळ्या लिखाणात तो जीव ह्याच अर्थानं येतो. नंतर तिकडे त्याचा अर्थ घसरत घसरत पोटावर आला. शब्द जुना आहे, माणसं नवी आहेत.’

‘आणि आत्ता ते जीव ह्याला काय म्हणतात?’

‘झीझ्न.’

‘तो तुम्हाला येत होता?’

‘येत होता.’

‘मग तो का नाही म्हणालात, बाबा?’ प्राचार्यांचा आवाज जवळजवळ रडका झाला.

‘सहा वर्षं मी तिकडे तो जुना शब्द तोंडातून काढला नाही,’ सर म्हणाले. ‘परक्यानं काढला की तो चूक ठरतो. इथं साहेब जीव म्हणाले. ते पाणी, ते आटणं, सगळं इतकं जुन्यासारखं म्हणाले, की मला वाटलं आपण घरी आहोत. घरी म्हणायला हरकत नाही.’

‘निदान आजारी होतो असं लिहा. ऊन लागलं होतं असं लिहा.’

‘मी बरा होतो, सर,’ ते म्हणाले. ‘त्या दिवसाइतका बरा मी कधीच नव्हतो.’

बाहेर आल्यावर मी त्यांच्या मागं मागं गेले. मला काहीतरी मोठं, धीराचं बोलायचं होतं. तोंडातून निघालं, ‘सर, मग चूक कुणाची झाली?’

‘चूक नाही झाली,’ ते म्हणाले. ‘उशीर झाला. पाच-सहाशे वर्षं.’ मग थोडं चालून, ‘आणि त्या बाई मला आजीबाई म्हणाल्या नाहीत. त्यांची आजी असं बोलायची, म्हणाल्या. बऱ्याच वर्षांनी ऐकलं, म्हणाल्या.’

जूनमध्ये त्यांना पुन्हा नेमलं नाही. पत्र्याच्या खोलीत सायकली लावू लागले. शिपाई काही दिवस सवयीनं ‘रश्शाचा’ एवढं म्हणून थांबायचा.

जायच्या आधी सरांनी आम्हा तिघांना बोलावून चिठ्ठ्या उकरल्या. पाऊस नुकता दोनदा पडून गेला होता, माती भुसभुशीत होती. कांद्याच्या दोन्ही चिठ्ठ्यांचा वाळवीनं भुगा केला होता. माझ्या भविष्यातील मानवाचाही. सरांनी तो भुगा तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला. ‘तांब्या पुरला नाही,’ म्हणाले. प्रबंध एका ट्रंकेत भरला होता, तो एस.टी.च्या टपावर चढवला. ओव्हरकोट हातात घेऊन ते खिडकीशी बसले. मी रडेन असं मला वाटलं होतं, पण मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि मला एक सिनेमा गाठायचा होता.

नंतर एकदाच भेट झाली. माझं लग्न झालं होतं, अंतराळाऐवजी मी श्रीरामपूरला गेले होते, आणि कडेवर मुलगा होता. नेवासा फाट्याला गाडी बदलायला उतरले तर सर झाडाखाली उभे. आधी मी ओळखलंच नाही. आता ते काळे होते. उन्हानं शेवटी त्यांना ओळखलं होतं. गावच्या शाळेत भूगोल शिकवत.

‘रशिया येतो का, सर, भूगोलात?’

‘येतो की. एक पान. गहू, बार्ली, लांब हिवाळे. पोरं विचारतात, सर, तुम्ही गेल्ता ना? मी सांगतो, गेल्तो. मग पुढचा देश घेतो.’

‘आजी?’

‘गेली. परवाच्या थंडीत.’

‘आणि प्रबंध?’

‘ट्रंकेला खालून भोक पडलं होतं. लक्ष गेलं तोवर वाळवीनं वाचून संपवला.’ ते किंचित हसले. ‘पहिला वाचक, ज्यानं शेरा मारला नाही.’

मला ओव्हरकोटाचं विचारायचं नव्हतं, पण विचारलं. शेजारच्या म्हशीचं पारडू गारठलं होतं, त्याच्यावर घातला, म्हणाले. पारडू जगलं. शोधाशोध करायची भीती आता राहिली नव्हती.

माझी गाडी आली. मी मुलाला त्यांच्या पायाशी वाकवायला गेले, पण कडेवरचं मूल वाकतं कुठलं, ते रडायलाच लागलं. गुटगुटीत होतं, झबल्यातून पोट बाहेर. सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ओठ हलले. मग मला ऐकू येईल असं म्हणाले, ‘झिवोत.’ आणि त्याच्या पोटाकडे नजर जाऊन स्वतःशीच, ‘हरकत नाही. दोन्ही अर्थ लागू आहेत.’

त्यांना मी हसताना पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. दोन-तीन वर्षांनी कुणाकडून तरी कळलं, काविळीनं गेले. गावच्या दवाखान्यात. जवळ कोण होतं ते सांगणाऱ्याला माहीत नव्हतं.

तो कडेवरचा मुलगा आता पन्नाशीचा आहे. सरांचा आशीर्वाद फळला, पण नव्या रशियनमध्ये फळला. माणूस दारातून आत येण्याआधी त्याचं पोट येतं. मागल्या दिवाळीत त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यात डॉक्टरनं त्याच्या पोटावर बोट टेकवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ‘आजी, हे कमी झालं नाही तर अवघड आहे.’ आत्तापर्यंत मी त्या पोटावरून त्याची इतकी थट्टा केली होती. त्या दिवसापासून करता येईना.

आता तो रोज सकाळी फिरायला जातो. मी दारात उभी राहते आणि तो पायरी उतरला की मागून म्हणते, ‘झिवोत.’

परवा नातवानं ऐकलं. तो मोबाईल घेऊन आला. ‘आजी, मी बघितलं. त्याचा अर्थ पोट. तू बाबांना रोज सकाळी पोट म्हणतेस!’ आणि हसून हसून लोळायला लागला.

‘तुझा मोबाईल नवा आहे रे,’ मी म्हटलं, आणि मुलगा कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याच्या पाठीकडे बघत राहिले.